कवटी फुटलेली नव्हती

कायद्याचा अभ्यास करणारा विद्यार्थी ज्या मोजक्या खटल्यांच्या नावाने परीक्षेत घाबरतो, त्यांत 'रेग विरुद्ध गोविंदा' हा एक. मुंबई उच्च न्यायालयाचा, १८७६ सालचा. खून कोणता आणि खुनाच्या पायरीपर्यंत न पोहोचणारा सदोष मनुष्यवध कोणता, यांतील सीमारेषा न्यायमूर्ती मेल्व्हिल यांनी या निकालात आखून दिली. भारतीय दंडसंहितेची २९९ आणि ३०० ही दोन कलमे शेजारी-शेजारी मांडून, शब्दाला शब्द लावून त्यांनी जी तुलना केली, ती पुढच्या दीडशे वर्षांत न्यायालयांनी पुन्हा पुन्हा उद्धृत केली. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि ही कलमे आता तिथे १०० आणि १०१ या क्रमांकांनी आहेत. पण त्यांचा अर्थ लावताना वाट अजूनही गोविंदावरूनच जाते.

खटल्यातील हकीकत थोडक्यात अशी. गोविंदा अठरा वर्षांचा, त्याची बायको पंधरा वर्षांची. त्याने तिला लाथ मारली, पाठीत गुद्दे घातले. त्याने तिला फारशी इजा झाली नाही, पण ती खाली पडली. मग त्याने तिच्या छातीवर गुडघा रोवून तोंडावर दोन-तीन ठोसे मारले. त्यांतील एक किंवा दोन डाव्या डोळ्यावर बसले. डोळा सुजला, काळानिळा पडला. कवटी फुटली नव्हती, परंतु मेंदूवर रक्तस्राव झालेला होता. आणि ती मुलगी जागच्या जागी, किंवा त्यानंतर अगदी थोड्या वेळात, मरण पावली. सत्र न्यायाधीशांनी आणि असेसरांनी खून ठरवला व फाशी सुनावली. प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर दोन न्यायमूर्तींचे एकमत होईना, म्हणून ते तिसऱ्याकडे, म्हणजे मेल्व्हिल यांच्याकडे आले. त्यांनी फाशी रद्द करून सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

या निकालाकडे कायदेपंडित पाहतात ते हेतू, जाणीव आणि संभाव्यता यांच्या तर्कशास्त्रासाठी. मला त्यातले एक छोटे, जवळजवळ जाता-जाता केलेले वैद्यकीय विधान अधिक विचार करायला लावते: कवटी फुटलेली नव्हती. फाशी आणि सात वर्षे यांच्यामधले सारे अंतर एका अर्थी या तीन शब्दांत सामावलेले आहे. कुऱ्हाडीने डोके फोडले असते तर न्यायालयाला तिसऱ्या न्यायमूर्तीची गरज पडली नसती. हाड शाबूत, कातडी शाबूत, आणि माणूस मात्र मेलेला. या कोड्यापुढे वैद्यक आणि न्याय दोन्ही कित्येक शतके अडखळत आलेले आहेत.

हे कोडे इतिहासात एकदा मोठ्या थाटामाटात उभे राहिले होते. ३० जून १५५९ रोजी पॅरिसमध्ये, तहाच्या आणि लग्नांच्या आनंदोत्सवात, फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री भाल्यांच्या द्वंद्वात उतरला. समोर होता त्याच्याच रक्षकदलाचा सरदार माँटगोमरी. माँटगोमरीचा भाला मोडला आणि त्याच्या कपच्या राजाच्या शिरस्त्राणाखालून उजव्या डोळ्याच्या भागात घुसल्या. उशाशी त्या काळातले दोन सर्वांत मोठे जाणकार होते: शस्त्रवैद्य आँब्रुआझ पारे, आणि ब्रुसेल्सहून खास पाठवलेला शरीरशास्त्रज्ञ वेसालियस. जखमेची खोली कळावी म्हणून देहदंड झालेल्या कैद्यांच्या मुंडक्यांवर तशाच कपच्या मारून पाहिल्या गेल्या, असे सांगतात. १० जुलैला राजा गेला. शवविच्छेदनात कवटीचे हाड फुटलेले आढळले नाही. आणि मेंदूची विकृती जखमेपाशी नव्हती, ती होती विरुद्ध बाजूला, डोक्याच्या मागच्या अंगाला. तिथे आवरणाखाली रक्त साकळले होते आणि खालचा मेंदू नासला होता. पारेने पुढे आपल्या ग्रंथात हे नोंदवून ठेवले. आघात एका ठिकाणी आणि घात दुसऱ्या ठिकाणी, या न्यायवैद्यकाने नंतर पाठच करून टाकलेल्या तत्त्वाला एका राजाचा देह खर्ची पडला.

त्या क्षणी पारेला जे दिसले ते आज सोप्या भाषेत असे सांगता येईल. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. तो आवरणांच्या आत, द्रवात तरंगत असतो. डोक्याला धक्का बसला की कवटी थांबते आणि मेंदू क्षणभर चालू राहतो, किंवा कवटी फिरते आणि मेंदू मागे राहतो. या ओढाताणीत हाडाला काहीच होत नाही. ताण पडतो तो कवटी आणि मेंदू यांना जोडणाऱ्या रक्तवाहिन्यांवर. त्या कुठे तुटतात यावर पुढचे सगळे अवलंबून: माणूस किती वेळात मरणार, मरण्यापूर्वी बोलणार की नाही, आणि न्यायालयात डॉक्टरला काय विचारले जाणार.

आपल्याकडे सुश्रुताने १०७ मर्मे मोजली आणि त्यांचे पाच वर्ग केले. त्यांतील १९ 'सद्यःप्राणहर', म्हणजे तेथे घाव बसला तर सात दिवसांच्या आत मृत्यू. या एकोणिसांत कानशिलावरची दोन 'शंख' मर्मे आहेत, आणि मानेच्या दोन्ही बाजूंच्या आठ शिरा आहेत. शंखाची गणना सुश्रुताने अस्थिमर्मात केली. त्या हाडाच्या आतल्या बाजूने कोणती वाहिनी जाते हे त्याला सांगायचे नव्हते. पण तिथे मार लागलेला माणूस जगत नाही हे निरीक्षण पक्के होते. मराठीतला 'वर्मी घाव' या मर्मापासूनच आलेला. गंमत अशी, की गंमत म्हणणे बरोबर नाही, पण आपल्या बोलीत धाक दाखवण्याच्या जेवढ्या म्हणून लकबी आहेत त्या नेमक्या याच प्रदेशात फिरतात: कानशिलात लगावणे, कानफटात भडकावणे, कानाखाली आवाज काढणे. घरात, शाळेत, पोलीस चौकीत हे शब्द आपण शिक्षेचा सौम्य प्रकार म्हणून वापरतो.

शंखाच्या हाडाआड काय आहे ते कोणत्याही वाळलेल्या कवटीत पाहता येते. पिंपळाच्या पानावरच्या शिरांसारखी एक शाखायुक्त खाच हाडाच्या आतल्या पृष्ठावर कोरलेली असते. ती मेंदूच्या बाहेरच्या आवरणाला रक्त पुरवणाऱ्या मधल्या धमनीची वाट. हाड इथे पातळ, आणि धमनी त्याला चिकटून. चेंडू, दगड, काठी किंवा जमिनीचा मार लागून इथे नुसता तडा गेला तरी ती फाटू शकते. मग धमनीच्या दाबाने बाहेर येणारे रक्त आवरणाला हाडापासून सोलत जाते. याला वेळ लागतो. म्हणूनच हा माणूस उठतो, कपडे झटकतो, 'काही नाही, ठीक आहे' म्हणतो, घरी चालत जातो, आणि काही तासांनी त्याला जागे करायला गेलेल्यांना तो घोरत पडलेला सापडतो. अठराव्या शतकात फ्रेंच शस्त्रवैद्य झाँ-लुई पेती याने हा फरक ओळखला: मार लागताच गेलेली शुद्ध म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, आणि मध्ये बरे वाटून नंतर गेलेली शुद्ध म्हणजे मेंदूवर चढत जाणारा दाब. लंडनच्या हचिन्सनने १८६० च्या दशकात डोळ्याच्या बाहुलीकडे लक्ष वेधले. रक्त ज्या बाजूला साठते त्या बाजूची बाहुली विस्फारते. १८८६ मध्ये गाय्ज रुग्णालयाच्या जेकबसनने या धमनीच्या रक्तस्रावाची प्रकरणे गोळा करून मोठा निबंध लिहिला. शुद्धीचा तो मधला काळ त्यानंतर पाठ्यपुस्तकांत स्थिरावला.

शस्त्रवैद्याच्या दृष्टीने हा मधला काळ म्हणजे संधी. न्यायालयाच्या दृष्टीने तो घोटाळा. दुपारी मारामारी झाली, जखमी माणूस स्वतः पायी चालत आला, संध्याकाळी जेवला, रात्री मेला. तर मग मारणाऱ्याचा वकील विचारणारच: मेला तो दुपारच्या माराने की वाटेत कुठे पडल्याने? आणि चौकीवर 'दारू पिऊन पडला आहे, सकाळी उतरेल' म्हणून कोपऱ्यात टाकून दिलेला माणूस सकाळी उठत नाही, तेव्हा प्रश्न आणखी अवघड होतो. न्यायवैद्यकाची पुस्तके पोलीस सर्जनला या चुकीविषयी पिढ्यान् पिढ्या बजावत आलेली आहेत.

क्रिकेट पाहणाऱ्या पिढीला हा मधला काळ रमण लांबाच्या रूपाने आठवेल. २० फेब्रुवारी १९९८, ढाका. फलंदाजाच्या अगदी जवळ, शिरस्त्राण न घालता उभा असलेल्या लांबाच्या कपाळाशेजारी चेंडू लागला. तो स्वतः चालत तंबूत परतला. नंतर प्रकृती ढासळली, शस्त्रक्रिया झाली, आणि २३ तारखेला वयाच्या अडतिसाव्या वर्षी तो गेला. त्याआधी १९६२ मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू लागून भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याची कवटी फुटली होती. तिथे तातडीने शस्त्रक्रिया झाली, वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल याने रक्त दिले, आणि तो वाचला. कवटी फुटलेला वाचला आणि चालत परतलेला गेला. दोन प्रकरणांवरून नियम काढू नये हे खरे. पण बाहेरच्या जखमेवरून आतल्या इजेचे माप काढण्याची आपली सवय किती फसवी आहे हे दाखवायला ती पुरेशी आहेत.

पुन्हा १८७६ कडे. गोविंदाचा निकाल लागला त्याच वर्षी हिंदुस्थानात दुसऱ्या एका ठोशाची चर्चा गाजत होती. आग्र्याच्या फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारले, तो पडला आणि थोड्याच वेळात मेला. शवविच्छेदनात प्लीहा फुटलेली आढळली. मॅजिस्ट्रेटने फुलरला तीस रुपये दंड केला. व्हाइसरॉय लिटनने त्यावर कडक शब्दांत नापसंतीची मिनिट लिहिली आणि अँग्लो-इंडियन वर्तमानपत्रे खवळली. हिवतापाने फुगलेली प्लीहा हा त्या काळातल्या गोऱ्या आरोपींचा हुकमी बचाव होता: मी हलकेच मारले, त्याचे शरीरच आतून कच्चे होते. वास्तविक दंडसंहितेने २९९ च्या पहिल्याच स्पष्टीकरणात सांगून ठेवले होते की आजाराने जर्जर माणसाला इजा करून त्याचे मरण लवकर ओढवणाऱ्याने ते मरण घडवले असेच मानले जाईल. परंतु स्पष्टीकरण छापलेले असणे वेगळे आणि ते गोऱ्या माणसाला लागू होणे वेगळे.

हा 'आतून कच्चे' असल्याचा बचाव हिवताप ओसरल्यावर संपला नाही. तो प्लीहेतून उठून डोक्यात गेला. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते, टॉमस विलिसने १६६४ मध्ये आपल्या ग्रंथात वर्णन केलेले. या कड्याच्या फाट्यांवर काही माणसांत लहानसा फुगा येतो. तो कधीही, शौचाला बसताना किंवा संतापाच्या भरात, आपसूक फुटू शकतो, आणि मेंदूच्या तळाशी सगळीकडे रक्त पसरते. आता दोघांची बाचाबाची झाली, एकाने ठोसा मारला, दुसरा कोसळला, आणि शवविच्छेदनात तळाशी असे रक्त सापडले, तर मरण ठोशाने आले की फुग्याने? आणि रागाने रक्तदाब वाढून फुगा आधीच फुटला असेल, आणि म्हणून तो माणूस कोसळला असेल, तर? इथे डॉक्टरचे काम गवंड्यासारखे धीराचे. साकळलेले रक्त पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायचे, कड्याची एकेक शाखा मोकळी करायची, फुगा शोधायचा. मेंदू फॉर्मलिनमध्ये ठेवण्यापूर्वीच हे करायचे, कारण नंतर रक्त दगडासारखे होते. फुगा सापडला तर वकिलांचा वाद सुरू होतो. न सापडला तर दीर्घकाळ अहवालात एवढेच लिहिले जाई की रक्तस्रावाचे उगमस्थान कळले नाही.

हे उगमस्थान बऱ्याचदा का कळत नव्हते याचे उत्तर १९७१ मध्ये कॉन्टोस्टाव्लॉस या वैद्याच्या एका लेखाने दिले, आणि त्या उत्तरात न्यायवैद्यकाला थोडे खजील करणारे काहीतरी आहे. मानेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना लहान भोके असतात. त्यांतून दोरा ओवावा तशी एकेक धमनी वर चढते, सर्वांत वरच्या मणक्यावर वळसा घालून आवरण भेदते आणि कवटीत शिरते. जबड्यावर किंवा कानाखाली, मानेच्या बाजूवर, फटका बसला आणि डोके अचानक वळून मागे झुकले, की ही धमनी ताणली जाऊन फाटू शकते. रक्त थेट मेंदूच्या तळाशी, श्वास आणि हृदय चालवणाऱ्या केंद्रांभोवती जाते. इथे मधला काळ वगैरे सहसा नसतो; माणूस उभा असतो तिथेच कोसळतो. पण रूढ पद्धतीच्या शवविच्छेदनात काय होते? कवटी कापली जाते, मेंदू पुढून उचलला जातो, आणि तो बाहेर काढण्यासाठी तळाशी सुरी फिरवावी लागते. सुरी फिरते ती नेमकी याच दोन धमन्यांवरून. म्हणजे पुरावा शोधणारा हातच पुरावा कापत होता. त्यानंतर फाट ठोशाची की सुरीची हे सांगणार कोण?

त्यानंतर रीत बदलली. तळाशी रक्त दिसले की थांबायचे. मेंदू काढण्यापूर्वी मानेतून धमनीत क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून गळती कुठे आहे ते पाहायचे. मग मागच्या बाजूने मणके उघडून धमनी अखंड बाहेर काढायची. पुढच्या अभ्यासांत असेही दिसले की फाट पुष्कळदा मणक्यापाशी नसून कवटीत शिरल्यानंतरच्या भागात असते. अशा मृतांत दारू प्यालेले तरुण पुरुष वारंवार आढळले. दारूने मानेचे स्नायू सैल पडून डोके सावरले जात नाही, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मला ते पटण्यासारखे वाटते, पण दारू पिणारेच मारामाऱ्या अधिक करतात हे साधे कारणही नजरेआड करून चालणार नाही.

ही धमनी सामान्य माणसाच्या कानावर आली ती २०१४ च्या नोव्हेंबरात. सिडनीच्या मैदानावर ६३ धावांवर खेळणारा फिलिप ह्यूज उसळत्या चेंडूला आडवा फटका मारायला वळला, चेंडू शिरस्त्राणाच्या खाली मानेच्या डाव्या अंगाला लागला. क्षणभर तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा राहिला आणि मग तोंडावर कोसळला. दोन दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, तो गेला, वय पंचवीस. संघाच्या डॉक्टरांनी पत्रकारांना सांगितले की अशी जेमतेम शंभर प्रकरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली आहेत आणि क्रिकेटच्या चेंडूने झालेले त्यांत एकच. २०१६ मध्ये कॉरोनरने चौकशी करून तो अपघात ठरवला. कोणाचाही दोष नव्हता, आणि मदत लवकर पोहोचली असती तरीही तो वाचला नसता, असा निष्कर्ष काढला. सुश्रुताने कानाच्या मागे खाली 'विधुर' नावाचे मर्म सांगितले आहे. तिथे मार लागला तर बहिरेपणा येतो, एवढेच तो म्हणतो. इथे सुश्रुताला अनुभव कमी पडला.

आता या सगळ्या ज्ञानानिशी त्या पंधरा वर्षांच्या मुलीकडे परत पाहिले तर काय दिसते? कानशिलातली धमनी फाटली असती तर तिला बहुधा काही तास मिळाले असते. ती जागीच किंवा थोड्या वेळात गेली. तळाशी रक्तस्राव झाला असण्याची शक्यता म्हणून मोठी वाटते. परंतु एक गोष्ट मेल्व्हिल यांनी १८७६ मध्येच अचूक हेरली होती. पुरुषाच्या मुठीचा डोळ्यावरचा ठोसा एरवी जीव घेण्यास पुरेसा नसतो, पण मार खाणाऱ्याचे डोके जमिनीवर टेकलेले असताना बसलेला ठोसा मरण आणण्याचा संभव असतो, आणि तो मेंदूला हादरा बसून किंवा मेंदूत रक्त उतरून, असे ते म्हणतात. खाली जमीन, वर मूठ, आणि मधे सरकायला जागा नसलेले डोके. दुसऱ्या हेन्रीच्या बाबतीत पारेने जे शवविच्छेदनातून शिकले ते या न्यायाधीशाने साक्षीतून ताडले. आणि याच वाक्यावर त्यांनी 'पुरेसे' आणि 'संभाव्य' यांतला तो प्रसिद्ध भेद उभारला, ज्यामुळे गोविंदाचा फास सुटला.

छातीवर गुडघा का रोवला होता, याची चर्चा मात्र त्या निकालाच्या उद्धृत होणाऱ्या परिच्छेदांत फार नाही. भांडण कशावरून झाले तेही नाही. गोविंदाचे नाव दीडशे वर्षे प्रत्येक विधी महाविद्यालयात घेतले जाते. तिचे वय तिथे दिलेले आहे, कोणत्या डोळ्यावर मार बसला तेही दिलेले आहे. नाव दिलेले नाही.